तिकिटांचा तक्ता आणि फेरफाराची शिस्त

सॉफ्टवेअरमधील दोष, ग्राहकांच्या तक्रारी, नव्या मागण्या आणि अर्धवट राहिलेली कामे यांची रीतसर नोंद ठेवणारी जी साधने आज लहानमोठ्या सर्व कंपन्यांत रूढ झाली आहेत, त्यांची उभारणी एका साध्या नियमावर झालेली आहे: प्रत्येक बाबीस स्वतंत्र तिकीट, प्रत्येक तिकिटास स्वतंत्र क्रमांक, आणि त्या क्रमांकाखाली ती बाब दाखल झाल्यापासून निकाली निघेपर्यंतचा सारा वृत्तान्त. १९९८ साली नेटस्केपने खुले केलेले बगझिला, २००२ साली सिडनीच्या अटलासियन कंपनीने बाजारात आणलेले जिरा, २००४ चे ट्रॅक आणि २००६ चे रेडमाइन ही सारी याच घराण्यातील. एकाच तिकिटाचा पूर्ण विचार करावयाचा असेल तेव्हा हा नियम उत्तम चालतो. परंतु शंभर-दीडशे तिकिटांपैकी कोणती आधी हाती घ्यावयाची, कोणावर किती भार पडला आहे, कोणत्या बाबींना मुदतच लावलेली नाही, असे प्रश्न ज्या दिवशी उभे राहतात, त्या दिवशी एकेक तिकीट उघडणे, वाचणे, बदलणे, सेव्ह करणे आणि पुन्हा यादीवर येणे हा क्रम माणसास मेटाकुटीस आणतो. मग टीममधील कोणीतरी ती सारी यादी एक्सेलमध्ये उतरवून घेतो, आणि त्या घटकेपासून एकाच कामाची दोन दप्तरे सुरू होतात.

हे दुसरे दप्तर निर्माण होऊ नये यासाठीच ग्रिडच्या प्लगिनची योजना असते. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल टू संगणकासाठी व्हिजिकॅल्क तयार केले, तेव्हापासून ओळी व रकाने यांची ती मांडणी हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बसली आहे. ग्रिड प्लगिन तीच मांडणी तिकिटांच्या यादीवर आणते: प्रत्येक ओळ म्हणजे एक तिकीट, प्रत्येक रकाना म्हणजे त्या तिकिटाची स्थिती, मुदत, जबाबदार व्यक्ती यांपैकी एखादी बाब, आणि चौकटीत क्लिक केले की जागच्या जागी दुरुस्ती. जिरासाठी जपानच्या रिकसॉफ्ट कंपनीने केलेले एक्सेलच्या धर्तीचे प्लगिन, त्याच जिरावर श्रेणीबद्ध मांडणी करणारे स्ट्रक्चर, ट्रॅकवरील ग्रिड मॉडिफाय ही या जातीची परिचित उदाहरणे होत. त्यांच्या तपशिलांत पुष्कळ भेद असले तरी ती वापरताना जी पथ्ये पाळावी लागतात ती बहुतांशी समान आहेत, आणि प्रस्तुत लेखाचा रोख त्या पथ्यांवरच आहे.

नाशिकमधील मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या आमच्या इंदिरानगरात सॉफ्टवेअरचा व्यवसाय हिंजवडीसारखा काचेच्या मनोऱ्यांतून चालत नाही. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ईएसडीएससारख्या कंपनीचे डेटा सेंटर उभे आहे हे खरे. तथापि या बाजूचे काम आठ-दहा जणांच्या टीम बंगल्याच्या वरच्या मजल्यावर किंवा सदनिकेच्या एखाद्या खोलीत बसून करतात, आणि कित्येक तरुण-तरुणी पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची नोकरी घरूनच सांभाळतात. अशा टीममध्ये केवळ नियोजन पाहणारा स्वतंत्र मॅनेजर बहुधा नसतो. जी मुलगी टेस्टिंग करते तीच ग्राहकाचा फोन घेते, तीच तिकीट लिहिते आणि संध्याकाळी तीच त्याचा पाठपुरावा करते. साऱ्या कामाचे चित्र एका नजरेत दिसणे ही गोष्ट मोठ्या कंपनीस सोयीची असेल, पण या लहान टीमला ती निकडीची आहे. आणि ग्रिडमधील चौकट खाली ओढताना झालेल्या एका चुकीने दीडशे नोंदी बिघडल्या तर त्या निस्तरावयास येथे वेगळा माणूसही नाही.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक कल्पित परंतु या मातीतले उदाहरण घेऊ. समजा, अशी एक टीम द्राक्षांच्या पॅकहाउससाठी सॉफ्टवेअर तयार करते. नाशिकच्या बागांत ऑक्टोबरची छाटणी झाली की जानेवारीपासून माल उतरू लागतो आणि एप्रिलपर्यंत निर्यातीची धांदल चालते. युरोपात जाणाऱ्या प्रत्येक पेटीमागे नोंदणीकृत प्लॉट, त्या प्लॉटच्या नमुन्याची कीटकनाशकांच्या उर्वरित अंशांसाठी तपासणी आणि अपेडा या निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट प्रणालीवरील नोंद यांची अखंड साखळी असावी लागते. नोव्हेंबरच्या अखेरीस टीमपुढे १८० खुली तिकिटे आहेत असे धरू. कोठे वजनाच्या पावतीवर क्रेटचे वजन वजा होत नाही, कोठे पॅकिंग लिस्टमध्ये प्लॉटचा नोंदणी क्रमांक सुटतो, कोठे लेबलावरील बॅच कोड अर्धाच छापला जातो, तर कोठे कुणाला अहवालाचा रंग बदलून हवा आहे. हंगामाला पाच-सहा आठवडे उरले असताना या १८० बाबींची वाटणी करावयाची आहे, आणि त्यासाठी ग्रिड हवे आहे.

प्लगिन बसविण्यापूर्वी मूळ साधनात काय आहे ते आधी पाहावे, कारण पुष्कळदा हवी ती सोय घरातच असते. रेडमाइनच्या यादीत अनेक ओळी निवडून उजवे बटण दाबले की स्थिती, अग्रक्रम, जबाबदार व्यक्ती हे सारे एकदम बदलता येते. ट्रॅकमध्ये २०१२ च्या १.० आवृत्तीपासून एकत्रित बदलाची सोय अंगभूत आहे. जिरामध्ये बल्क चेंज जुनाच आहे, आणि अलीकडे त्यात यादीतल्या यादीत दुरुस्तीही करता येते. एकच मूल्य अनेक तिकिटांना द्यावयाचे असेल तर एवढे पुरते. ग्रिडची खरी गरज लागते ती प्रत्येक ओळीस वेगळे मूल्य द्यावयाचे असते तेव्हा: या तिकिटाची मुदत दहा डिसेंबर, त्याखालच्याची सतरा, त्याखालचे दुसऱ्याकडे. ही गरज नसेल तर प्लगिन घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण प्रत्येक प्लगिन हे आणखी एक परावलंबन असते; मूळ साधनाची नवी आवृत्ती आली आणि प्लगिनचा कर्ता मागे राहिला, की टीमही मागे राहते. अटलासियनने जिरा सर्व्हरचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ रोजी थांबविला, तेव्हा स्वतःच्या सर्व्हरवर जिरा चालविणाऱ्यांना जिराबरोबरच एकेका प्लगिनचाही विचार नव्याने करावा लागला. यास्तव प्लगिन कोणत्या आवृत्तीस चालते आणि त्यात शेवटची दुरुस्ती केव्हा झाली ते पाहावे. डेटाबेसचा बॅकअप घेऊन ते प्रथम टेस्ट सर्व्हरवर बसवावे. आणि एकदम बदल करण्याची मुभा साऱ्यांना न देता दोघा-तिघांकडेच ठेवावी. ट्रॅक व जिरा या दोहोंतही एकत्रित बदलाची परवानगी स्वतंत्रपणे देता येते. त्यांच्या कर्त्यांनी हा अखत्यार वेगळा ठेवला यामागील हेतू ध्यानात घ्यावा.

आता ग्रिड उभे करण्याचा मुख्य भाग. या ठिकाणी बहुतेकांची घाई होते: उपलब्ध असतील तेवढे सारे रकाने ओढून आणले जातात, पडदा उजवीकडे सरकत सरकत जातो, आणि ज्या एका नजरेसाठी हा खटाटोप केला ती नजरच विखुरते. माझा आग्रह असा आहे की आधी प्रश्न लिहावा आणि मग त्या प्रश्नास लागतील तेवढेच रकाने घ्यावेत. ‘हंगामाआधी काय झालेच पाहिजे?’ हा एक प्रश्न. त्यास क्रमांक, शीर्षक, पॅकहाउसच्या कामाचा टप्पा, अग्रक्रम आणि मुदत एवढे पुरतात. ‘कोणावर किती भार आहे?’ हा दुसरा. त्यास जबाबदार व्यक्ती, स्थिती आणि अंदाजी तास. ‘कोणते काम अडले आहे आणि कशासाठी?’ हा तिसरा, आणि त्यास शेवटच्या बदलाची तारीख अवश्य हवी, कारण तीन आठवडे ज्या तिकिटास कोणी स्पर्श केलेला नाही ते कागदोपत्री ‘चालू’ असले तरी वस्तुतः पडून आहे. हे तीन प्रश्न तीन स्वतंत्र फिल्टर म्हणून सेव्ह करावेत आणि त्यांना सरळ नावे द्यावीत, म्हणजे सहा महिन्यांनी येणाऱ्या नव्या माणसालाही ती यादी कशासाठी आहे हे विचारावे लागणार नाही.

ग्रिड उभे राहिले की लगेच बदल करावयास लागू नये. ते प्रथम वाचावे. वाचणे याचा अर्थ एकेका रकान्यावर क्रम लावून त्यातून काय दिसते ते पाहणे. मुदतीच्या रकान्यावर क्रम लावला असता ज्या चौकटी रिकाम्या राहतात त्या एका गठ्ठ्यात येतात, आणि हा रिकाम्या चौकटींचा गठ्ठा पुष्कळदा भरलेल्या चौकटींपेक्षा अधिक बोलका असतो: ती तिकिटे कोणी विचारातच घेतलेली नाहीत. अग्रक्रमाच्या रकान्यावर क्रम लावला आणि १८० पैकी १४० तिकिटे ‘अत्यंत निकडीची’ निघाली, तर त्या रकान्याचा उपयोग संपला असे समजावे आणि तो नव्याने भरावा. आमच्या द्राक्षांच्या उदाहरणात पेटी परत येईल अशी चूक, हिशेब चुकेल अशी चूक आणि केवळ गैरसोय अशा तीन पायऱ्या पुरे आहेत. शीर्षकांवर क्रम लावला असता एकाच दोषाची दोन-तीन तिकिटे शेजारी येतात, कारण ग्राहक तीच तक्रार दर वेळी जवळजवळ त्याच शब्दांत करतो. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात जी व्यक्ती नोकरी सोडून गेली तिचे नाव आजही कित्येक ओळींवर दिसेल. या वाचनास अर्धा तास द्यावा. माझा अनुभव असा आहे की त्या अर्ध्या तासात जे कळते त्यानेच निम्मे बदल अनावश्यक ठरतात आणि उरलेल्यांची दिशा निश्चित होते.

यानंतर दुरुस्ती, आणि तेथे ग्रिडचे रूप फसवे आहे. ते दिसते एक्सेलसारखे, परंतु एक्सेलच्या चौकटीस भूतकाळ नसतो. तिकिटाच्या चौकटीस असतो. महसुली दप्तराचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांस सांगावयास नको. सातबाऱ्यावर आज कोणाचे नाव आहे ते दिसते, परंतु ते नाव तलाठी मनास येईल तसे खोडून लिहू शकत नाही. बदलाची वर्दी गाव नमुना सहामध्ये फेरफार म्हणून नोंदवावी लागते, हितसंबंधितांस नोटीस जाते, हरकतीस अवधी मिळतो, मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आणि मगच त्या फेरफाराच्या क्रमांकासह सातबारा बदलतो. पन्नास वर्षांनी वाद उपस्थित झाला तरी तो फेरफार काढून पाहता येतो. तिकिटाचे पान आणि त्याखालील इतिहास यांचा संबंध असाच आहे. ग्रिडमधून आपण केवळ एक चौकट बदलली असे वाटले तरी पाठीमागे प्रत्येक ओळीचा स्वतंत्र फेरफार लिहिला जातो, त्याखाली आपले नाव आणि वेळ पडते, आणि त्या तिकिटाशी संबंधित माणसांना नोटिफिकेशन जाते. ८० ओळींवर एकदम हात फिरविणारा मनुष्य ८० फेरफार दाखल करीत असतो, याचे भान सुटता कामा नये.

त्या भानातून पुढील पथ्ये निघतात. एका बैठकीत एकच रकाना बदलावा. आज मुदती, उद्या वाटणी. असे केल्याने काही चुकले तर इतिहासात त्या वेळेचे सारे बदल एकाच जातीचे सापडतात आणि उलटविणे शक्य होते. प्लगिनमध्ये शेरा लिहिण्याची सोय असेल तर ती कधीही रिकामी सोडू नये; ‘हंगामपूर्व नियोजनानुसार मुदत निश्चित केली’ एवढे एक वाक्य फेब्रुवारीत ‘ही तारीख कोणी आणि का टाकली’ या प्रश्नास उत्तर देते. चौकट धरून खाली ओढण्यापूर्वी यादी कोणत्या फिल्टरने गाळलेली आहे, काही ओळी घडीत मिटलेल्या आहेत का, आणि यादी एका पानावर संपते की पुढे चालू आहे, हे तिन्ही पाहावे. न दिसणाऱ्या ओळींस ओढ लागते की नाही याविषयी प्रत्येक प्लगिनचे वर्तन वेगळे असते आणि ते टेस्ट सर्व्हरवर पाच खोट्या तिकिटांवर अगोदर पाहून ठेवणे हाच खात्रीचा मार्ग आहे. एक्सेलमधील ‘अन्डू’ येथेही चालेल असे गृहीत धरणे सर्वांत धोक्याचे, कारण सेव्ह झालेला फेरफार मागे घेणे म्हणजे दुसरा फेरफार करणे होय, आणि त्याचेही नोटिफिकेशन जाते. जिराच्या बल्क चेंजमध्ये ‘या बदलाची मेल पाठवा’ असा स्वतंत्र पर्याय आहे. केवळ वर्गीकरणाची डागडुजी असेल तेव्हा तो बंद ठेवावा, परंतु कोणाकडे काम सोपविले जात असेल तेव्हा तो मुळीच बंद करू नये.

स्थितीचा रकाना इतरांसारखा नाही, याची जाणीव नवख्यांस करून द्यावी लागते. मुदत किंवा अग्रक्रम ही केवळ मूल्ये आहेत. स्थिती मात्र एका ठरलेल्या मार्गाने बदलते. ‘नवे’ याचे ‘चालू’, ‘चालू’ याचे ‘तपासणीसाठी’, तपासणीनंतर ‘बंद’, असा जो वर्कफ्लो आखलेला असतो त्यातील प्रत्येक पायरीस काही अटी असतात: बंद करताना निर्णय काय झाला ते सांगावे लागते, तपासणी टेस्टरनेच संपवावी लागते. म्हणून ग्रिडमध्ये ३० ओळी निवडून त्यांना ‘बंद’ केल्यावर बावीस बंद झाल्या आणि आठ नाकारल्या गेल्या तर तो प्लगिनचा दोष मानू नये. त्या आठ ओळी वर्कफ्लोने योग्य कारणासाठी अडविलेल्या असतात, आणि त्यांचे कारण एकेक उघडूनच पाहिले पाहिजे. अशा प्रसंगी ॲडमिनला सांगून अट काढून टाकण्याची प्रथा काही ठिकाणी पडते. ती मोडून काढावी. जिरा वापरणाऱ्यांनी रिझोल्यूशनच्या रकान्याबाबत विशेष जपावे: तो रकाना रिकामा असणे हीच जिराच्या दृष्टीने काम शिल्लक असल्याची खूण आहे, म्हणून त्यात कोणतेही मूल्य भरले, अगदी ‘अनिर्णित’ अशा अर्थाचे असले तरी, ते तिकीट निकाली निघालेले मोजले जाते. ग्रिडमधील ओढीने तो रकाना भरला गेला, तर स्थिती ‘चालू’ आणि हिशेबात ‘निकाली’ अशी तिकिटे निर्माण होतात, आणि हंगामाच्या ऐन भरात अहवाल खोटे बोलू लागतो.

दोन माणसे एकाच वेळी एकाच ओळीवर काम करीत असतील तर काय होते, हा प्रश्नही सोडून चालणार नाही. बगझिलाने या प्रसंगास ‘मिड-एअर कोलिजन’ असे नाव दिले आहे आणि तेथे दुसऱ्याने सेव्ह करताच थांबवून, मध्यंतरी काय बदलले ते दाखविले जाते. रेडमाइनही तिकिटाच्या आवृत्तीचा क्रमांक ताडून पाहून जुन्या प्रतीवरून केलेला बदल अडविते. परंतु ग्रिड सकाळी उघडून दुपारपर्यंत तसेच ठेवले तर त्यातील १८० ओळी म्हणजे सकाळचे चित्र असते, आणि सर्व प्लगिन ही ताडणी सारख्याच काटेकोरपणे करतात असे नाही. म्हणून मोठा बदल करण्यापूर्वी यादी ताजी करून घ्यावी, टीमच्या गटावर तसे कळवावे, आणि तेवढा वेळ इतरांनी त्या ओळींस हात लावू नये. आठ जणांच्या टीममध्ये एवढी व्यवस्था एका हाकेने होते.

कितीही सांगितले तरी एक्सेलचा मोह पूर्णपणे सुटत नाही, आणि पॅकहाउसच्या मालकास यादी एक्सेलमध्येच हवी असते हेही खरे. ती अवश्य द्यावी. परंतु एक्सेलमध्ये केलेले बदल परत साधनात भरावयाचे असतील तेव्हा फार सावध राहावे. मराठी मजकूर असलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये नुसती दोनदा क्लिक करून उघडली तर देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसू शकते. ती डेटा टॅबमधून ‘टेक्स्ट अथवा सीएसव्हीमधून’ हा मार्ग घेऊन यूटीएफ-८ निवडून उघडावी. तारखांचा प्रश्न याहून वाईट, कारण तो दिसत नाही: ०५/१२ ही आपली पाच डिसेंबर अमेरिकी पद्धतीच्या संगणकावर बारा मे होते, आणि १२ च्या पुढचे दिवस तेवढे अक्षररूपात राहतात. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख लिहिली तर हा घोटाळा टळतो. एक्सेलची ही स्वयंभू तारीख बनविण्याची सवय इतकी हट्टी आहे की मानवी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० साली ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशी दिसणारी जनुकनामेच बदलून टाकली. त्याच वर्षी इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात जुन्या एक्सेल फाइलची ६५,५३६ ओळींची मर्यादा ओलांडली गेल्याने आठवडाभरातील कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही. आपली यादी १८० ओळींची असली, तरी शास्त्रज्ञ आणि सरकारी खाती जेथे अडखळली तेथे आपण निष्काळजी राहावे असा त्याचा अर्थ होत नाही. आणखी एक: ग्राहकाने पाठविलेला मजकूर बरोबरीच्या चिन्हाने सुरू होत असेल तर एक्सेल त्यास सूत्र समजून चालवू पाहते, अशा चौकटी उघडण्यापूर्वी तपासाव्यात. आणि देवनागरी अंकांत लिहिलेली संख्या पुष्कळ साधने केवळ अक्षरे म्हणून घेतात, तेव्हा ज्या रकान्याची बेरीज करावयाची आहे त्यात इंग्रजी अंकच ठेवावेत, मजकुरात मराठी अंक खुशाल असावेत.

ग्रिडचा सर्वांत चांगला उपयोग मला आठवड्याच्या बैठकीत दिसतो. ती सकाळी घ्यावी, संध्याकाळी घेऊ नये. इंदिरानगरच्या बोगद्यातील सायंकाळची कोंडी ज्यांस ठाऊक आहे त्यांस याचे कारण सांगावयास नको. भिंतीवर ग्रिड दिसावे, एकानेच कीबोर्ड हाती घ्यावा, आणि ज्याच्या नावापुढे ओळ आहे त्याने बोलल्याखेरीज त्या ओळीची मुदत अथवा जबाबदारी बदलू नये. मी यावर जोर देतो याचे कारण असे की ग्रिडमध्ये एका माणसाचे नाव वीस ओळींवर ओढून लावणे ही दोन सेकंदांची क्रिया आहे, आणि त्या माणसाच्या आयुष्यात ती वीस कामे म्हणजे दोन आठवड्यांच्या संध्याकाळी असू शकतात. त्यास विचारले असते तर त्याने सांगितले असते की यांतील सहा तिकिटे वस्तुतः एकच आहेत, तीन त्याच्या शेजारच्या मुलीस अधिक चांगली जमतील आणि वजनकाट्याचे जे तिकीट आहे ते प्रत्यक्ष पॅकहाउसमध्ये जाऊन काटा पाहिल्याशिवाय सुटणार नाही. जेथे अंदाज नाही तेथे मुदतीची चौकट रिकामी ठेवण्याची मुभाही बैठकीत असली पाहिजे. रिकामी चौकट पुढच्या आठवड्यात पुन्हा समोर येते आणि पुन्हा विचारली जाते. मॅनेजरचे समाधान व्हावे म्हणून भरलेली खोटी तारीख मात्र विचारलीच जात नाही, आणि ती उलटून गेल्यावर सर्वांनाच तारखा उलटण्याची सवय लागते. ग्रिडवरील ओळींची संख्या पाहून कोणी किती काम केले याचे मोजमाप करण्याचा मोहही आवरावा: अहवालाचा रंग बदलणे ही एक ओळ आहे आणि प्लॉटचा क्रमांक का सुटतो हे शोधणे हीही एकच ओळ आहे.

एप्रिलअखेर शेवटचा कंटेनर रवाना झाला की ग्रिडमध्ये जी तिकिटे उरतील त्यांची व्यवस्था तेव्हाच लावावी. ‘हंगाम संपला’ म्हणून ती एका ओढीत बंद करू नयेत, कारण त्यांमागे कोणीतरी ग्राहक आहे आणि त्याची अडचण पुढच्या जानेवारीत पुन्हा उभी राहणार आहे. प्रत्येक ओळीविषयी तक्रार नोंदविणाऱ्यास विचारावे. जी आता नको असतील ती त्याच्या संमतीचा शेरा लिहून बंद करावीत, आणि उरलेली ‘पुढील हंगाम’ या आवृत्तीवर टाकून त्यांची मुदत काढून घ्यावी, जबाबदार व्यक्ती मात्र कायम ठेवावी. त्या आवृत्तीचा एक फिल्टर सेव्ह करून ठेवावा आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, बागांत छाटणीची कात्री चालू लागते त्या सुमारास, तो उघडून वाचावयास बसावे.